बीसीत पाच आले, आता कॉलेजात कुठलं गणित घ्यायचं?

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलीला अकरावीत असताना एपी कॅल्क्युलस बीसीत (एपी म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय आणि त्याची परीक्षा) पाचपैकी ५ मिळाले. बारावीत तिने एपी स्टॅटिस्टिक्स घेतलं, त्यामुळे वर्षभर कॅल्क्युलसला हात लावलेला नाही. सप्टेंबरपासून ती रटगर्स विद्यापीठात जाणार, कम्प्युटर सायन्स करायचं म्हणते. बीसीच्या ५ वर तिथे १५१ आणि १५२, म्हणजे कॅल्क वन आणि कॅल्क टू, या दोन्हींचं क्रेडिट मिळतं असं कळलं.

तिचे बाबा सीओईपीचे. त्यांचं म्हणणं, सरळ २५१, म्हणजे कॅल्क थ्री, घे आणि तेही ऑनर्सचं. मला वाटतं तिने १५१ पुन्हा घ्यावं. सगळं झालेलंच आहे, सोपा ए मिळेल आणि स्कॉलरशिपसाठी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, सांभाळला जाईल. लेक म्हणते, पहिल्या सेमेस्टरला मला गणितच नको. ओरिएंटेशनला कोर्स निवडायचे आहेत आणि आमच्याकडे रोज रात्री ताटावर हाच वाद. तुम्ही इथे कॉलेजात गणित शिकवता म्हणून विचारते. काय करावं?

— एक आई, एडिसन

उत्तर

नमस्कार.

तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी सगळ्यात सुरक्षित वाटतं ते तुमचं, आणि मला सगळ्यात कमी पटलं तेही तुमचंच. रागावू नका. दर ऑगस्टला हाच सल्ला घेऊन आलेली मुलं माझ्यासमोर बसतात, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातली काही ऑफिस अवर्सला तोंड पाडून येतात.

होतं काय ते सांगते. कॅल्क वनच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत लिमिट, डेरिव्हेटिव्ह, चेन रूल येतात. मुलीला हे सगळं येत असतं. मग ती एखादं लेक्चर बुडवते, गृहपाठ शेवटच्या रात्री उरकते, वर्गात मागे बसून फोन बघते. हे आळशीपणातून होत नाही. झालेलंच पुन्हा ऐकताना कुणाचंही लक्ष उडतं. पुढे रिलेटेड रेट्स आणि ऑप्टिमायझेशन येतात, म्हणजे शब्दांत मांडलेली उदाहरणं. ती नुसती बघून येत नाहीत, हाताने सोडवावी लागतात. तोवर अभ्यासाची सवय मोडलेली असते. शिवाय वर्गात ती एकटीच झालेलं शिकत बसलेली नसते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत फॉलच्या, म्हणजे सप्टेंबरच्या सेमेस्टरच्या, कॅल्क वनला बसलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी शाळेत कॅल्क्युलस केलेलं असतं. पेपर काढणाऱ्यालाही ते माहीत असतं.

राहिला जीपीए. रटगर्सच्या ग्रेडमध्ये ए मायनस नाही. ए जरा हुकला की थेट बी प्लस, म्हणजे ४.० वरून ३.५. एपीचं क्रेडिट मात्र ग्रेडशिवाय येतं, त्यामुळे जीपीएला त्याचा धक्का लागत नाही. वर, ज्या कोर्सचं एपी क्रेडिट मिळालंय तोच कोर्स कॉलेजात घेतला, तर ते क्रेडिट रद्द करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. १५१ आणि १५२ मिळून आठ क्रेडिट होतात, साधारण अर्ध्या सेमेस्टरचं काम. अनेक विद्यापीठांत कोर्सची नोंदणी जमा क्रेडिटच्या क्रमाने उघडते, म्हणजे जास्त क्रेडिट असलेल्यांचा नंबर आधी. कम्प्युटर सायन्सचे वर्ग कसे भराभर भरतात हे ज्यांच्या घरी मोठं भावंड शिकून गेलंय त्यांना विचारा.

तेव्हा १५१ पुन्हा नको. एवढ्याबद्दल मला शंका नाही.

आता बाबांकडे येऊ. सीओईपीत, किंबहुना त्या काळच्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात, बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव पडोत की पंचावन्न, सगळे एकाच एम-वनला बसत. मग एम-टू, मग एम-थ्री, आणि अधेमधे ज्याच्या त्याच्या नशिबाची केटी. कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा हा प्रश्न विद्यार्थ्याला कधी पडलाच नाही. इथे तो अठराव्या वर्षी पडतो, आणि आपल्या पिढीच्या आईबाबांना लगेच त्यात वर आणि खाली दिसायला लागतं. वरचं घेतलं तर हुशार, खालचं घेतलं तर कमीपणा. रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये कुणाच्या मुलाने कुठून सुरुवात केली याची जी चर्चा रंगते, ती ऐकून मीसुद्धा कधीकधी गाडीतच बसून राहते.

यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी लागणाऱ्या कामात मोजला जाणारा कोर्सचा वाटा, आणि प्लेसमेंट म्हणजे पुढच्या कुठल्या वर्गात बसायची परवानगी. प्रत्येक कॉलेज यांचा हिशोब वेगळा करतं. डार्टमथने २०१८ साली पदवी घेणाऱ्या तुकडीपासून एपीचं क्रेडिट देणं बंद केलं, वरच्या वर्गात बसवणं मात्र चालू ठेवलं. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. एमआयटी बीसीच्या ५ वर १८.०१ हा एकच कोर्स माफ करते, कारण एका चलाचं अख्खं कॅल्क्युलस त्यांनी एकाच सेमेस्टरमध्ये बसवलंय. तुमच्याकडे तेच ५ दोन कोर्स माफ करतात. गुण सगळीकडे तेच, त्यांचा अर्थ मात्र कॉलेजागणिक बदलतो. म्हणून शेजारच्यांच्या मुलाने अमक्या ठिकाणी काय घेतलं हे तुमच्या लेकीच्या कामाचं नाही.

मग या ५ मधून कळतं तरी काय? बीसीला बसणाऱ्यांपैकी अलीकडे चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळतात. परीक्षेला बसणारी मुलंच मुळात तयारीची असतात, त्यामुळे यात लबाडी काही नाही. पण जुन्या, जाहीर झालेल्या पेपरांच्या गुणतक्त्यांवरून दिसतं की एकूण गुणांच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत पोचलं तरी ५ मिळून जातात. गेलेला तिसरा हिस्सा थोडा थोडा सगळीकडे विखुरलेला असेल तर चिंता नाही. तो एकाच प्रकरणात गेला असेल, तर ते प्रकरण बहुतेक वेळा सिरीजचं, म्हणजे अनंत श्रेणींचं, असतं. लेखी भागातले सहा प्रश्न आठवून बघायला सांगा. शेवटचा, सहावा, बहुधा सिरीजचाच येतो. तो तिने लिहिला होता की सोडून दिला होता? दोन वर्षांनंतरही मुलांना हे बरोबर आठवतं.

दुसरी गोष्ट बहुतेक पालकांच्या गावीही नसते. बीसीचा अभ्यासक्रम आणि कॉलेजातलं कॅल्क टू हे तंतोतंत सारखे नाहीत. बीसीत ट्रिग सब्स्टिट्यूशन नाही. घनफळ काढायची शेल पद्धत नाही. पार्शल फ्रॅक्शन आहेत, पण छेदात एकदाच येणारे, एकघाती अवयव असतील तेवढेच. बऱ्याच शाळा हे जास्तीचं म्हणून मे महिन्यातल्या परीक्षेनंतर शिकवतात, जेव्हा अर्धा वर्ग प्रॉमच्या कपड्यांचा विचार करत असतो. शिवाय एपीच्या काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो. कॉलेजातल्या बऱ्याच परीक्षांत तो दप्तरातून बाहेरही काढता येत नाही, आणि मग साइन-कोसाइनच्या किमती, अपूर्णांकांची बेरीज असं सगळं हातावर येतं.

माझा सल्ला एवढाच, की हा वाद ताटावर न मिटवता कागदावर मिटवा. १५२ ची जुनी फायनल किंवा तिच्या तयारीसाठी दिलेली उदाहरणं गणित विभागाच्या किंवा शिकवणाऱ्यांच्या पानांवर शोधा. नाही सापडली तर दुसऱ्या एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या कॅल्क टूची घ्या. जुने पेपर बरेच विभाग खुले ठेवतात. आधी आठ-दहा दिवस तिला जुन्या वह्या चाळू द्या. वर्षभर बंद पडलेला विषय एकदम समोर टाकणं अन्यायाचं होईल. मग एका सकाळी तीन तास, फोन दुसऱ्या खोलीत, कॅल्क्युलेटर नाही, पुस्तक नाही. तपासायचंही तिनेच, उत्तरं बघून. बाबांनी तपासायला बसू नये. बाबा तपासायला बसले की पेपर मुलीचा राहत नाही.

किती गुण पडले यापेक्षा कुठे अडलं ते बघा. ट्रिग सब्स्टिट्यूशनची, शेल पद्धतीची उदाहरणं आली नाहीत तर सोडून द्या. ती शिकवलीच नव्हती, दोन दुपारींत होतील. पॉवर सिरीजचा रेडियस काढला पण टोकाचे बिंदू तपासायचे राहिले, रेशो टेस्ट कुठे लावायची आणि कंपॅरिझन कुठे यात गोंधळ झाला, तर तो गंज आहे. आठवडाभर घासला की निघतो. पण इंटिग्रेशन बाय पार्ट्स मांडलं बरोबर आणि पुढे कंस सोडवताना चिन्हं चुकली, लॉगचे नियम आठवेनात, साइन स्क्वेअरचं रूपांतर करता येईना, असं पानोपानी दिसलं तर मात्र थांबा. हार्वर्डच्या फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सॉनर्ट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. हजारो विद्यार्थ्यांच्या माहितीवरून त्यांनी दाखवलं, की कॉलेजच्या कॅल्क्युलसमध्ये शाळेतलं कॅल्क्युलस जेवढं कामी येतं त्याच्या दुपटीहून जास्त आधीचं बीजगणित, भूमिती आणि प्रीकॅल्क्युलस पक्कं असणं कामी येतं. मी वर्गात रोज बघते त्याच्याशी हे जुळतं. पोरं कॅल्क्युलसमध्ये क्वचित नापास होतात, नापास होतात ती कॅल्क्युलसच्या पेपरात आठवी-नववीच्या बीजगणितात.

असा पाया डळमळीत दिसला तर तिने १५२ घ्यावं. १५२, १५१ नव्हे. १५१ चं क्रेडिट राहील, फक्त १५२ चं जाईल. हे अ‍ॅडवायझरकडून ईमेलवर लेखी घ्या, तोंडी नको. सिरीज नव्याने शिकली जाईल, इंटिग्रेशनचा हात बसेल, आणि अर्धा अभ्यासक्रम ओळखीचा असल्याने कॉलेजचं पहिलं सेमेस्टर जड जाणार नाही. तुम्हाला जीपीएसाठी हवा असलेला आधार खरं तर इथे मिळेल.

पेपर बरा गेला, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं तो बरा जाईल, तर पुढे काय? बाबा म्हणतात २५१, म्हणजे कॅल्क थ्री. त्यात चुकीचं काही नाही. गंमत अशी, की ज्या सिरीजची सगळ्यांना धास्ती असते ती कॅल्क थ्रीत फारशी लागत नाही. तिथे लागतात ते व्हेक्टर, पार्शल डेरिव्हेटिव्ह, आणि दुहेरी-तिहेरी इंटिग्रलच्या मर्यादा ठरवण्यासाठी डोळ्यांसमोर आकृती उभी करण्याची सवय. बाबांनी हे एम-वन, एम-टूत केलेलं आहे, म्हणून त्यांना ते साहजिक वाटतं. पण त्यांना एक विचारा. रटगर्सच्या कम्प्युटर सायन्सच्या बीएस पदवीसाठी गणिताची जी सक्तीची यादी आहे ती त्यांनी पाहिली का? तिच्यात १५१, १५२ आणि २५० आहेत. २५१ नाही. तिच्या प्रवेशाच्या वर्षाची यादी उघडून खात्री करून घ्या. पुढे इंजिनिअरिंगकडे वळायचं असेल, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स जोडीला घ्यायचं असेल, तर २५१ लागेल. तेव्हा घेता येईल.

मी तिच्या जागी असते तर फॉलमध्ये २५० घेतलं असतं. २५० म्हणजे लिनियर अल्जेब्रा. मॅट्रिक्स, समीकरणांच्या प्रणाली, व्हेक्टर स्पेस, आयगेनव्हॅल्यू. कॅल्क्युलसचा गंज इथे जवळजवळ आड येत नाही, कारण डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रलचा संबंध फार थोडा. ग्राफिक्स असो की मशीन लर्निंग, तिच्या विषयात हेच गणित सारखं समोर येणार. पण एक सावधगिरीची सूचना. सुरुवातीचे आठवडे रांगांची वजाबाकी करण्यात जातात आणि फार सोपे वाटतात. मग एक दिवस लिनियर इंडिपेंडन्सची व्याख्या येते आणि प्रश्नांचा सूरच बदलतो. आता 'काढा' ऐवजी 'का ते सांगा' विचारतात. एपीत पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलीही इथे बुचकळ्यात पडतात, कारण त्यांना पद्धत सापडत नाही. बाबांनी मदत करायला हरकत नाही, पण आपल्या वेळेला आपण आयगेनव्हॅल्यू काढायला शिकलो होतो, ती असते कशासाठी हे कुणी विचारलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवून.

ऑनर्सबद्दल थोडक्यात. ऑनर्सच्या गणिताच्या वर्गांत उदाहरणांपेक्षा सिद्धता जास्त असतात, आणि तिथे बसलेल्या मुलांना ते आवडतं म्हणून ती बसलेली असतात. लेकीने स्वतः होऊन तो विषय काढला तर जरूर घेऊ द्या. तुमच्या पत्रात तरी तो फक्त बाबांनी काढलाय.

आणि लेक. पहिल्या सेमेस्टरला गणितच नको, हे ऐकायला समंजस वाटतं. नवं गाव, नवी रूममेट, पहिल्यांदा स्वतःचे कपडे स्वतः धुणं. पण हिशोब करून बघा. अकरावीच्या मे महिन्यात तिने कॅल्क्युलस सोडलं. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबली तर मधे वीस महिने गेले. कम्प्युटर सायन्समध्ये डिस्क्रीट स्ट्रक्चर्सचे २०५ आणि २०६ हे दोन कोर्स आहेत, तेही गणितच, आणि त्यांच्या आधी १५२ झालेलं लागतं. फॉलमध्ये काहीच घेतलं नाही, तर स्प्रिंगला डेटा स्ट्रक्चर्स, २०५ आणि २५० एकदम अंगावर येतील. मला हे सेमेस्टर तिच्या फॉलपेक्षा कितीतरी जड दिसतं. फॉलमध्ये प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स, त्याच्या जोडीला एक गणित, आणि बाकी लिहिण्या-वाचण्याचे विषय, अशी मांडणी तिला दाखवा. ती 'नको' म्हणते ते दमली म्हणून की घाबरली म्हणून, हे मात्र तिला एकटीला विचारा, बाबा नसताना. दमली असेल तर उन्हाळ्यात तिला खरी सुट्टी द्या, पेपर ऑगस्टच्या सुरुवातीला ठेवा. घाबरली असेल तर पेपर लवकर घ्या, कारण भीती बहुधा एका ठराविक प्रकरणाची असते आणि ते प्रकरण कुठलं हे कळलं की निम्मी उतरते.

ओरिएंटेशन पेपरच्या आधी असेल तर २५० ला नाव घालून ठेवा. सेमेस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतात. नेमकी शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. १५२ मध्ये यायचं तर त्याच मुदतीत यावं लागतं, आणि जागा शिल्लक असेल तरच मिळतं, म्हणून निर्णय शक्यतो ऑगस्टमध्येच झालेला बरा. २५० च्या पहिल्या दोन आठवड्यांत तिने प्रत्येक लेक्चरला बसावं आणि पहिला गृहपाठ कुणाच्या मदतीशिवाय करावा. तो जमला तर पुढचं जमेल.

आणि एक राहिलंच. ५ अकरावीतले आहेत, म्हणजे तेव्हा कुठल्या कॉलेजला गुण पाठवायचे हे ठरलेलंही नसेल. शाळेच्या मार्कशीटवर एपीचा वर्ग दिसतो म्हणून क्रेडिट आपोआप मिळत नाही. एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या खात्यातून रटगर्सला अधिकृत गुण पाठवले गेलेत का ते आजच बघा. नसतील तर पैसे भरून पाठवा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तिच्या ट्रान्सक्रिप्टवर १५१ आणि १५२ उमटलेत का ते तिलाच तपासायला सांगा. ते उमटेपर्यंत २५० ला नाव घालताना संगणक तिला अडवू शकतो. अडवलंच, तर गणित विभागाच्या अ‍ॅडवायझरला गुणांच्या प्रतीसह ईमेल करायचा. तोही तिनेच लिहायचा.